आर्द्रा नक्षत्रातील परसबाग

(चिकोडी येथे शेतकरी, शिक्षक व पंचायत अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



21 जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात प्रवेश करतो आणि वर्षातील सर्वांत मोठा दिवसही तोच असतो. उत्तरेकडील थंड देशांत याच वेळी भाजीबागेची दुसरी लागवड चालते. वाटाणा व पालक निघालेल्या वाफ्यांत गाजर, बीट, घेवडा लावून हिम पडण्यापूर्वी किती दिवस हाती आहेत, याचा हिशेब तेथील माळी करीत असतो. आपणांस हिमाचे भय नाही. आपला हिशेब पावसाचा आहे.

स्टॉकहोम येथे या सुमारास 18 तासांहून मोठा दिवस असतो, तर चिकोडीत तो सुमारे 13 तासांचा. हा फरक केवळ कुतूहलाचा नव्हे. तिकडील कांद्याच्या जाती 14 ते 16 तासांच्या उजेडावर पोसतात. आपल्याकडे त्यांची पातच वाढेल, गड्डा धरणार नाही. म्हणून परदेशातील आप्तांनी प्रेमाने पाठविलेली बियाण्यांची पाकिटे कौतुकाने ठेवावीत, परंतु वाफ्यात आपल्याच हवामानाची जात लावावी.

आपल्या शिवारात ऊस व तंबाखू मुबलक असूनही अनेक घरी भाजी मात्र बाजारातून येते. पावसाळ्यात ती महाग झाली की प्रथम काट बसते ती स्त्रिया व मुले यांच्या ताटाला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीस रोज सुमारे 400 ग्रॅम भाजी हवी. बाजारावर विसंबून हे कितीशा घरांस परवडेल?

लागवडीसाठी काळ्या जमिनीत गादीवाफे करावेत. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद व 15 सेंटिमीटर उंच वाफा पुरेसा होतो. निपाणीकडे पाऊस अधिक, पूर्वेकडे कमी. तेव्हा पश्चिमेस पाण्याच्या निचऱ्याची चर खोल ठेवावी आणि पूर्वेस वाफ्यावर पाचटाचे आच्छादन घालावे. भेंडी, गवार, चवळी यांचे बी थेट टोकावे. दोडका, कारले, पडवळ कुंपणावर चढवावेत. पोकळा, अंबाडी, मेथी थोडी थोडी, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावी, म्हणजे एकदम ढीग होऊन वाया जाणार नाही. भेंडीत हळद्या रोगाचा उपद्रव फार; बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने काढलेली अर्का अनामिका ही जात त्यास प्रतिकार करते.

आता आपल्या भागापुरती एक खास गोष्ट. तंबाखू, टोमॅटो, मिरची व वांगे ही एकाच कुळातील पिके होत. तंबाखूच्या पानावर चट्टे पाडणारा केवडा रोगाचा विषाणू हा जगात सर्वप्रथम ओळखला गेलेला विषाणू. 1892 मध्ये इव्हानोव्स्की व 1898 मध्ये बायरिंक यांनी त्याचा छडा लावला. तो वाळलेल्या पानातही दीर्घकाळ तग धरतो आणि हाताच्या स्पर्शाने रोपास लागतो. ज्या घरी विडीचे अथवा तंबाखू निवडण्याचे काम चालते, तेथे टोमॅटो व मिरचीची रोपे हाताळण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. रोपे लावताना तंबाखू मळू नये, ही सूचना पुरुषमंडळींना विशेष लागू आहे! तंबाखूची भुकटी या वाफ्यांत टाकू नये. रोपवाटिका तंबाखूच्या शेतापासून दूर ठेवून तिच्यावर बारीक जाळी लावावी. पाने आवळून टाकणारा दुसरा रोग पांढरी माशी पसरविते.

कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठची मळी सुपीक खरी, परंतु 2019 व 2021 च्या महापुरांत तेथील पिके पाण्याखाली गेली. पावसाळी परसबाग घराजवळच्या उंचवट्यावरच असावी. मळीत भाजी पूर ओसरल्यावर करावी.

शिक्षकबंधूंना एक विनंती. शाळांत पोषणबागा उभाराव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने 2019 मध्ये दिल्या आहेत. आर्द्रात टोकलेली भेंडी सुमारे 50 दिवसांत तोडणीस येते आणि मग एक दिवसाआड तोडावी लागते, अन्यथा ती जून होते. वेल तर दसऱ्याच्या सुटीतही फळत असतात. त्या सुटीत तोडणी कोणी करावयाची व भाजी कोणाच्या घरी जावयाची, हे बी टोकण्यापूर्वीच पालकांसमवेत ठरवून घ्यावे.