देवाच्या दारी असे का?

पूर्वरंगात आपण विचारले, देवाच्या दारी गेलेल्यावर संकट यावे कसे? आता उत्तररंगात त्याचा दाखला पाहू. पुराणातला नाही, आपल्या कृष्णाकाठचाच आहे.

कुरुंदवाडला दिगंबरबुवा पलुस्कर नावाचे कीर्तनकार होते. त्यांच्या घरी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णू जन्मला. पोर लहान असताना नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीचा उत्सव होता. फटाका तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. मिरजेला नेऊन उपचार केले, पण दृष्टी अधू झाली ती झालीच. आता सांगा! वाडी म्हणजे साक्षात दत्तप्रभूंचे स्थान, बाप देवाचे गुण गाणारा, आणि पोराचे डोळे तिथेच जावेत? त्या माउलीपुढे ‘पूर्वसंचित’ म्हणायला मी तरी धजणार नाही.

शिक्षण थांबले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकायला ठेवले. सांगतात, एका समारंभाला विष्णुबुवांना बोलावणे आले, गुरुजींना नाही. का? तर ते नुसते गवई! हे बुवांच्या मनाला लागले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गावोगाव गात फिरले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या आधारावर.

आणि बघा हं, ज्याची स्वतःची नजर अधू, त्याने दुसऱ्यांना वाचता यावेत म्हणून सूर कागदावर आणले! तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, मंद्राच्या स्वरावर टिंब, अशी लिपी केली. गुरूच्या कंठात राहणारी विद्या पोरासोरांच्या हाती आली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य.

मग संकट संपले का? छे! मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. बुवांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम धरला. इमारत गेली, नाम राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत देह ठेवला, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा. त्याला गाणे कोणी शिकवले? बुवांच्याच शिष्यांनी, विनायकबुवांनी आणि नारायणरावांनी. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून नावारूपाला आला. जे वाटून टाकले, ते लेकराला मिळाले!

आणि त्या मुलाचे नाव काय, ठाऊक आहे? दत्तात्रेय. ज्याच्या उत्सवात डोळे अधू झाले, त्याच देवाचे नाव घरात रोज हाकेला! असे का घडले, हे देव जाणे. पण घडल्यावर कसे वागावे, ते बुवांनी दाखवले. गेले त्याचा हिशेब मांडला नाही. उरले ते वाटले. बाबांनो, आपल्याजवळही काही उरले असेलच. ते वाटा, आणि मुखाने म्हणा,

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!