मी ग्रुपवर गप्प होते तेव्हा



मागच्या वर्षी मेळाव्याची पहिली बोलणी चालली होती, तेव्हा महिनाभर मी ग्रुपवर एका शब्दानेही उत्तर दिलं नाही. 'हिला शिंगं फुटली' असं काहींना वाटलं. खरं कारण आज सांगते.

माझ्या अवटू ग्रंथीत कर्करोग निघाला. बाई, तुम्ही फळ्यावर फुलपाखरासारखी काढायचात तीच ग्रंथी. ती काढून टाकली आणि उरल्यासुरल्या पेशींसाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं ठरलं. या पेशी आयोडीन ओढून घेतात, पण रक्तात टीएसएच भरपूर असेल तरच. ते बनवते पियुषिका, आणि थायरॉक्सिनची गोळी चालू असली की ती स्वस्थ बसते. म्हणून चार आठवडे गोळी नाही. टीएसएच तीसच्या वर जायला हवं होतं.

ऐन मे महिन्यात मी शाल पांघरून बसायचे. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. ऑफिसात एक कोड बघून मी विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" मीच लिहिला होता. तुमचे मेसेज वाचायचे, पण उत्तर जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा.

दुसरा मार्ग होता: टीएसएच बाहेरून द्यायचं. पूर्वी गाईबैलांच्या पियुषिकेतून काढलेलं वापरत, पण त्याची ॲलर्जी यायची. आता मानवी जनुकं चिनी हॅमस्टरच्या पेशींत घालून ते तयार करतात. ९२ आणि ११८ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, आणि त्यांवर शर्करेच्या फांद्या. या फांद्या जिवाणूंना जोडता येत नाहीत, म्हणून हॅमस्टरच्या पेशी. अमेरिकेत या औषधाला १९९८ साली परवानगी मिळाली. किंमत ऐकून पहिल्या वेळी मीच नको म्हटलं.

यंदाच्या तपासणीआधी नवऱ्याने इंटरनेटवर शोधाशोध केली. "अगं, हेच प्रोटीन स्वस्तात मिळतंय!" खाली लिहिलं होतं, फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं. त्या कुपीत काही मायक्रोग्रॅम असतात, मला एका वेळी ९०० लागणार. शिवाय ती बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगांसाठी असते. माणसाच्या शरीरात टोचण्याइतकी ती शुद्ध आणि निर्जंतुक आहे का, हे कुणी तपासलेलंच नसतं. आम्ही दोघं इंजिनिअर, आणि 'नाव तेच म्हणजे वस्तू तीच' या हिशेबावर जवळजवळ फसलो होतो.

शेवटी औषधाचंच इंजेक्शन घेतलं. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी आयोडीन, शुक्रवारी स्कॅन. गोळी एक दिवसही बंद नव्हती. स्कॅन स्वच्छ आला.

त्याच आठवड्यात ग्रुपवर आजच्या जेवणाचा वाद पेटला होता. श्रीखंड नको, बासुंदीच हवी म्हणून सगळ्यांत जास्त भांडले ती मी. स्कॅनसाठी तेव्हा मला दूध, दही आणि आयोडीनचं मीठ, तिन्ही बंद होतं.