चिलमनं चोरलेले पैसे

(श्रीवर्धन इथल्या युवा बैठकीत सिनेमा दाखवण्याआधी केलेलं भाषण)



2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. जिवन्यापासून दिवेआगरपर्यंत सगळीकडे एकच चर्चा होती, ती कुणाची आणि कुठून आली. ती ओढणारं कोण असतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याचं उत्तर आपल्याच मोहल्ल्यात आहे, म्हणून असेल.

आज आपण मीरा नायरचा 'सलाम बॉम्बे' बघणार आहोत. 1988 चा सिनेमा. मुंबईत गर्द पसरला ते दिवस. त्याच काळात अनिल अवचट गर्दवर लिहीत होते आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट व त्यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं होतं.

एरवी आपल्या सिनेमातला गर्दुल्ला म्हणजे लाल डोळे, तोंडाला फेस आणि दोन मिनिटांत मरण. रघुवीर यादवनं केलेला चिलम तसा नाही. तो गमत्या आहे, मायाळू आहे. चहा पोचवणाऱ्या कृष्णाचा तो मोठा भाऊच होतो. कृष्णाला 500 रुपये जमवून घरी जायचंय. चिलमची हालत बिघडते तेव्हा कृष्णाच त्याला सांभाळतो. आणि तोच चिलम त्याचे साठवलेले पैसे चोरतो, त्याचा गर्द घेतो आणि त्यातच मरतो.

पहिल्यांदा बघताना मला चिलमचा भयंकर राग आला. कारण माझ्या चाचांच्या मुलानं चाचीच्या बांगड्या विकल्या होत्या. हे मी त्याला विचारूनच सांगतोय. आमच्या घरी तेव्हा दोनच उपाय सुचले: निकाह लावून द्या, नाहीतर सौदीला पाठवा. मी शिकलेला, इंजिनीअर. मीही चोर म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. नशा हराम आहे, हे त्याला रोज कुणी ना कुणी ऐकवायचं. जणू त्याला ते माहीतच नव्हतं!

गर्द बंद केला की अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब होतात, रात्र रात्र झोप नसते. तेव्हा माणूस मजेसाठी नाही, हे थांबावं म्हणून पुन्हा घेतो. आणि काही आठवडे बंद ठेवून जुन्याच मात्रेनं घेतला तर जीव जातो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. म्हणून उपचारानंतर घरी आलेल्या मुलाला 'आता बरा झाला' म्हणून मोकळं सोडणं धोक्याचं.

2016 च्या 'उडता पंजाब'मधला फौजदार सरताज पैसे घेऊन ट्रक सोडत असतो. स्वतःचा धाकटा भाऊ नशेत सापडतो तेव्हा त्याचे डोळे उघडतात. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या लोकांनी तो बघावा, पण ते बघणार नाहीत.

बरेच घरवाले पोलिसांच्या भीतीनं उपचाराला नेत नाहीत. एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ वाचा. सेवन केल्याचा किंवा थोडी मात्रा बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. सरकारची मोफत हेल्पलाइन 14446. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका, मी थांबतो.

सिनेमा संपल्यावर माझा भाऊ इथे येणार आहे. उपचाराची त्याची ही दुसरी खेप. त्याला काहीही विचारा. फक्त 'पैसे कुठून आणायचास' हे नको, ते मी विचारून झालंय.