शेर, किलो आणि एक रविवार
(वाचनालयातील व्याख्यानाचा संपादित भाग)



इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एखादी लढाई, एखादा तह नाही तर एखादे मोठे आंदोलन उभे राहते. आज मी ज्या दिवसाविषयी बोलणार आहे त्या दिवशी यांपैकी काहीच घडले नाही. कोणते राज्य गेले नाही, कोणते आले नाही. तो दिवस म्हणजे 1 एप्रिल 1962, रविवार. त्या दिवसापासून देशभरच्या व्यापारात मेट्रिक वजने सक्तीची झाली. शेर गेला आणि किलो आला. एवढीच ती घटना. परंतु लढाईची झळ जेथे पोहोचत नाही, त्या स्वयंपाकघरापर्यंत ती पोहोचली.

प्रथम त्या दिवसांचे वातावरण ध्यानी घ्यावे. फेब्रुवारीत तिसरी सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती. त्याच महिन्याच्या 3 ते 5 तारखांना अष्टग्रहीचे सावट आले होते. आठ ग्रह एका राशीत येणार, जगबुडी होणार, या धास्तीने ठिकठिकाणी होमहवने झाली. ग्रह आपल्या वाटेने निघून गेले आणि जग जागच्या जागी राहिले. गोवा डिसेंबर 1961 मध्ये मुक्त झाला होता आणि त्याला भारतीय संघराज्यात सामावून घेणारी घटनेची बारावी दुरुस्ती नुकतीच, म्हणजे मार्च महिन्यात झाली होती. तरुण मुलांचे कान मात्र वेस्ट इंडीजकडे लागले होते. 17 मार्च रोजी बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू लागून भारताचा कर्णधार नरी काँट्रॅक्टर मरणाच्या दारी गेला. त्याच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. संघाची धुरा एकवीस वर्षांच्या पतौडीच्या खांद्यावर आली. आणि पुण्यात महर्षी कर्वे वयाची 104 वर्षे पूर्ण करण्याच्या बेतात होते; त्यांचा जन्मदिवस 18 एप्रिलला येत होता.

वृत्तपत्रांतील या बातम्या झाल्या. घराघरांतील बातमी वेगळी होती. पाडवा चार दिवसांवर आला होता. पुरणाला डाळ आणायची होती, गूळ आणायचा होता, गुढीला साखरेची माळ हवी होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुकानातील वजने बदलली होती.

मी त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा असेन. रविवार असल्याने शाळा नव्हती. आजीचे बोट धरून, हातात पिशवी घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदार कानडी बोलणारा, आजी मराठी. परंतु हिशेबाला दोघांची भाषा एकच. तो बोलता बोलता आकडे कानडीत म्हणे आणि आजी ते मनात मराठीत मोजून घेई. चाळीस वर्षांच्या त्या व्यवहारात एकदाही खटका उडाला नव्हता. त्या दिवशी तो उडाला.

आजीने नेहमीप्रमाणे शेरभर डाळ मागितली. दुकानदार म्हणाला, "आक्का, आता शेर नाही. सरकारने किलो आणला. किलोभर घ्या." भाव विचारला तर तो सात नव्या पैशांनी चढलेला. आजी पिशवी आवरून म्हणाली, "सणाच्या तोंडावर भाव वाढविलात, आणि नाव सरकारचे घेता?"

दुकानदार रागावला नाही. त्याने तराजूच्या एका पारड्यात जुना शेर ठेवला आणि दुसऱ्यात नवा किलो. किलोचे पारडे खाली गेले. मग त्याने शेराच्या पारड्यात मुठीमुठीने डाळ टाकली, आणि दांडी समतोल झाल्यावर ती डाळ आजीच्या ओंजळीत ओतली. "एवढी जास्त मिळते, तिचेच सात पैसे घेतले," तो म्हणाला. आजीने ओंजळीकडे पाहिले, तराजूकडे पाहिले आणि पिशवी पुन्हा उघडली.

हा हिशेब आज कागदावर मांडून पाहा. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे 933 ग्रॅम. किलो त्याहून 67 ग्रॅमनी, म्हणजे पावणेसहा तोळ्यांनी मोठा. शेराला एक रुपया भाव धरला तर किलोला एक रुपया सात नवे पैसे पडले पाहिजेत. माझ्या आजीचा दुकानदार प्रामाणिक निघाला. परंतु पाव किलोचे पैसे घेऊन कोणी पावशेरच घातला असता, तर दर खेपेस सुमारे 17 ग्रॅम माल कमी पडला असता. पंधरा खेपांत पाव किलो डाळ गेली! श्रीमंताला ते कळलेही नसते. रोजच्या मजुरीतून रोजचा शिधा नेणाऱ्याला मात्र ती एका वेळची आमटी होती. आणि हा हिशेब करायचा कोणी? 1961 च्या जनगणनेप्रमाणे देशात शंभरांत अठ्ठावीस माणसे साक्षर होती. स्त्रियांत तर पंधराच.

याच्या आधी पाच वर्षे नाण्यांनीही असाच घोळ घातला होता. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुना हिशेब सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पयांचा. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. परंतु सव्वा पैशाचे नाणे कोठून आणणार? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक ठरले. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस पैसे आणि एकदम घेतल्या तर पंचवीस! त्या एका पैशावरून बाजारात किती वाद झाले असतील याची कल्पना करावी. 'नवा' हा शब्द पुढे 1 जून 1964 रोजी गळून पडला आणि नुसता पैसा राहिला.

मग हा खटाटोप कशासाठी केला, असा प्रश्न येईल. उत्तर जुन्या मापांतच आहे. कच्चा शेर निराळा, पक्का शेर निराळा. वजनाचा शेर निराळा, मापाचा निराळा. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, ही उतरंड सुबक खरी. परंतु या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेल याची खात्री नव्हती. शेतकऱ्याने आपल्या घरच्या मापाने धान्य मोजून न्यावे आणि पेठेत ते कमी भरावे, हा नित्याचा अनुभव होता. जेथे दोन मुलखांच्या पेठा एकमेकींना भिडतात, तेथे तर मापांची ही सरमिसळ अधिकच. सर्वांना एकच वजन लागू झाले याचा सर्वांत मोठा लाभ त्या शेतकऱ्याला झाला, हे मान्य केले पाहिजे.

आता स्वस्ताईकडे वळतो. त्या काळाविषयी बोलताना आपण हमखास उसासा टाकतो आणि म्हणतो, काय ती स्वस्ताई! पोस्टकार्ड पाच नव्या पैशांना मिळे. दहा ग्रॅम सोने सव्वाशे रुपयांच्या आत होते. एक अमेरिकन डॉलर 4 रुपये 76 पैशांना होता. हे सर्व खरे. परंतु भाव हे तराजूचे एकच पारडे आहे. दुसऱ्या पारड्यात कमाई ठेवल्यावाचून दांडी बोलत नाही. त्या वेळी देशातील माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाकाठी तीनशे-सव्वातीनशे रुपयांच्या घरात होते. म्हणजे दिवसाला नव्वद नवेही पैसे नाहीत! दहा ग्रॅम सोन्यासाठी त्या सरासरी माणसाची साडेचार महिन्यांची मिळकत लागे. 2025 साली त्याच सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला तेव्हा सरासरी उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आसपास होते; म्हणजे सहा महिन्यांची मिळकत. आकडे आभाळाला भिडले, परंतु सोने गरिबाच्या हाताला तेव्हाही लागत नव्हते आणि आताही लागत नाही. उलट पोस्टकार्ड पुढे पन्नास पैशांचे झाले, तरी मिळकतीच्या मानाने ते कितीतरी स्वस्तच झाले. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला पंधरा रुपयांचा परवाना लागे. सरासरी माणसाची ती अर्ध्या महिन्याहून अधिक कमाई. म्हणूनच एका घरातला रेडिओ सगळी आळी ऐके. त्याला आपण आज शेजारधर्म म्हणतो. त्यात शेजारधर्म होता आणि नाइलाजही होता.

आणखी एक आकडा सांगतो. 1951 ते 1961 या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान एक्केचाळीस वर्षांच्या आसपास होते. ज्या काळात धान्य स्वस्त होते असे आपण म्हणतो, त्या काळात ते पुरेसे नव्हते. 4 मे 1960 रोजी स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला आणि एक कोटी साठ लाख टन गहू अमेरिकेकडून यायचा ठरला. स्वस्ताईचे गोडवे गाताना तो परदेशी गहू आणि त्यासाठी लागलेल्या रांगा विसरू नयेत.

मात्र एका बाबतीत तो काळ खरोखर श्रीमंत होता. 1961 साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एका स्त्रीला अध्यक्षपद मिळाले. 1962 चे संमेलन साताऱ्याला, काकासाहेब गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली झाले. खांडेकरांच्या 'ययाति'ला 1960 चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले होते. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नसे तो वाचनालयात नाव नोंदवून आपली पाळी येण्याची वाट पाही. महाराष्ट्राबाहेरच्या गावांतून मराठी टिकली ती या वाट पाहणाऱ्या वाचकांच्या बळावर.

आणि येथेच त्या रविवारची खरी गंमत आहे. कायद्याने शेर बाजारातून उठविला, परंतु जिभेवरून त्याला उठविता आले नाही. आजही आपण शेरास सव्वाशेर भेटतो असे म्हणतो, किलोस सव्वाकिलो म्हणत नाही. बोलणे पटले की ते सोळा आणे खरे असते. प्रकृती तोळामासाच असते, अक्कल गुंजभरही नसते, आणि गल्लोगल्ली भेटणारी माणसे पायलीला पन्नास असतात. वजनाचे लोखंड वितळविता येते. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द कोणत्याही सरकारी फर्मानाने वितळत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे निराळे सांगावयास नको.

शेवटी एक विनंती. राजांची दप्तरे सरकार जपते. परंतु तुमच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, आजीच्या किंवा आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही पडून असेल. तिच्यात डाळीचा भाव असेल, दळणाचे पैसे असतील, मुलाच्या फीची नोंद असेल, कोणाला दिलेले उसने असेल. ती रद्दीत देऊ नका. रद्दीवाला ती किलोने मोजून घेईल आणि तुम्हाला चार रुपये देईल. तीच वही वाचनालयाच्या कपाटात ठेवा; कारण त्या काळी सामान्य माणूस काय खात होता आणि कशावाचून राहत होता, याचा सोळा आणे खरा पुरावा तिच्यातच आहे.

माझ्या आजीने ती मूठभर डाळ त्या दिवशी घरी आणून देवापुढे ठेवली होती. का, ते मला त्या वेळी कळले नाही. आज वाटते, चाळीस वर्षांचा विश्वास तराजूवर चढून खरा उतरला होता. त्याचाच तो नैवेद्य असावा.