चार शुभवर्तमाने, एक प्रभू



नौपाड्यातील आपली मुले शिकूं लागली म्हणजे एक प्रश्न घरी आणतात: संत योसेफाचा पिता मत्तयाच्या मते याकोब, लूकाच्या मते एली; मग खरे कोणते? अशा वेळी ‘गप्प बैस’ म्हणणे म्हणजे आपल्या श्रद्धेस आपणच दुबळी ठरविणे होय.

हा प्रश्न नवा नाही. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानुस ह्या विद्वानाने उत्तर दिले, की एली निपुत्रिक वारला व नियमशास्त्राप्रमाणे त्याच्या विधवेशी त्याचा भाऊ याकोब ह्याने विवाह केला. म्हणून योसेफ जन्माने याकोबाचा, नियमाने एलीचा. हे उत्तर सर्वांसच पटते असे नाही. परंतु दोघांचा हेतू पाहावा. मत्तय अब्राहामापासून आरंभ करितो, कारण इस्राएलास दिलेले वचन पूर्ण झाले हे त्यास दाखवावयाचे आहे. लूक आदामापर्यंत जातो, कारण प्रभू सकळ मानवांचा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त प्रभूचे चरित्र एकाच कथेत ओविले. तरीही वेदीवरून आम्ही चारही शुभवर्तमाने निरनिराळीच ऐकतो. भेद लाजिरवाणा असता, तर ख्रिस्तसभेने तो केव्हाच पुसून टाकिला असता. लेखकाचा हेतू व लेखनप्रकार ओळखून शास्त्राचा अर्थ लावावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शिकविले.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षी आपण घरोघरी शुभवर्तमान उघडूं या, आणि मुलांचा प्रश्न आदराने ऐकूं या.