‘मान्यता देणार’ कोण? घराची खरेदी-विक्री आणि बायांची सही

(सोलापुरात महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज कायद्याची कलमं पाठ करून घ्यायला मी आलेले नाही. घर घेताना आणि विकताना कोणते कागद बघायचे, कुठे थांबायचं आणि सही कधी द्यायची नाही, एवढंच बोलायचं आहे. घरासाठी राबतो आपण. विड्या वळतो, शिलाई करतो, गटाचं कर्ज काढतो, वेळ आली तर गळ्यातलं मोडतो. पण व्यवहाराला बसायचं म्हटलं की एजंट बोलतो नवऱ्याशी, दिराशी, भावाशी. आपल्याला निरोप येतो तो शेवटच्या दिवशी. “उद्या अकराला रजिस्टर ऑफिसात यायचंय, आधार कार्ड घेऊन ये.” कशासाठी, ते रिक्षात बसल्यावर कळतं.

म्हणून सुरुवात कागदाच्या भाषेपासून करू. खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणजे विकणारा आणि ‘लिहून घेणार’ म्हणजे विकत घेणारा. इथपर्यंत पुष्कळजणींना माहीत असतं. पण अनेक दस्तांत तिसरं एक नाव असतं, ‘मान्यता देणार’ किंवा ‘संमती देणार’. बघा कधी कागद काढून, तिथे बहुतेक वेळा बाई सापडेल. विकणाऱ्याची बायको, आई, नाहीतर बहीण. तिला मोबदल्यातला एक रुपया मिळत नाही. पण आत एक वाक्य असतं, की या मिळकतीत माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही आणि पुढे मी कसलीही हरकत घेणार नाही. त्या एका वाक्यासाठीच तिला रिक्षात घालून आणलेलं असतं. तिचा काही हक्क नसता तर तिची सही मागितली असती का? वकील उगाच कुणाची सही घेत नाही. तुमची सही मागितली जाते आहे, म्हणजे तुमच्याकडे सोडून देण्यासारखं काहीतरी आहे, हे आधी ओळखा.

आपल्या सोलापुरात आणखी एक अडचण. पूर्व भागातल्या कितीतरी अक्का घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड, कुणी उर्दू. आणि दस्ताची मराठी अशी, की मराठी शाळेत शिकलेल्या बाईलाही ती कळू नये. तेव्हा मसुदा दोन दिवस आधी मागा. घरी आणा. गटात ज्या मुलीला वाचता येतं तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, तुमच्या भाषेत सांगायला लावा. “एवढा वेळ नाही” असं कुणी म्हणालं, तर त्या घाईमागचं कारण शोधा.

या शहरात बायांच्या नावावर घर ही गोष्ट नवी नाही, हेही सांगायला हवं. कुंभारीला महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलेलं आहे. नरसय्या आडम आणि त्यांच्या लाल बावट्याच्या युनियननं वर्षानुवर्षं मोर्चे काढले, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार बाईचा स्वतःचा वाटा असं गणित बसवलं, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं दिली गेली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ला वाटली गेली. यातून आपण काय घ्यायचं? विडी कामगार बाईचं नाव घरावर आलं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. ती सभासद होती, तिनं हप्ता भरला होता, आणि तिचं नाव यादीत पहिल्यापासून होतं. घर बांधून झाल्यावर ‘आता माझंही नाव घाला’ म्हणणं आणि पाया खणण्याआधी नाव असणं, यात फार फरक आहे.

अशी अनुदानाची किंवा सोसायटीची घरं घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकच सांगते. आधी वाटपपत्रातल्या अटी वाचा. किती वर्षं विकता येत नाही, कुणाची परवानगी लागते, ते त्यातच असतं. ‘अटीबिटी काही नाही, नोटरी करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घर घेऊ नका. पैसे जातात, आणि घर कागदावर त्याच बाईचं राहतं.

आता नोटरीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त बाया इथेच फसतात. शंभराच्या नाहीतर पाचशेच्या बाँडवर टाईप केलं, नोटरीचा गोल शिक्का मारला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, की आपल्याला वाटतं झालं घर. तसं होत नाही. घराची मालकी बदलते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेल्या खरेदीखतानं. कुलमुखत्यारपत्र घेऊन ‘सगळे अधिकार तुम्हाला दिले’ म्हटल्यानंही मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लँप कंपनीच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलेलं आहे. महापालिकेची टॅक्स पावती तुमच्या नावावर आहे, लाईटबिल तुमचं आहे, चांगली गोष्ट आहे. राहता हे त्यातून दिसतं. मालक आहात हे दिसत नाही.

मग बघायचं काय? जुन्या शहरात सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. १९९२च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या भागात अजून पुष्कळ ठिकाणी सातबाराच चालतो. सातबारा हातात आला की मालकाचं नाव बघून खाली ठेवू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बँकेचा बोजा तिथे असतो, कोर्टाचा दावा तिथे असतो. आणि बहिणींची नावंही तिथेच असतात! वर मालकाच्या जागी भाऊ, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बहिणी ‘इतर’मध्ये. महसूल खात्यानं आपल्याला कुठल्या रकान्यात बसवलंय ते एकदा बघाच. पण घर घेणारी म्हणून तुमच्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. त्या बहिणी वारस असतील तर त्यांच्या सहीशिवाय, आणि त्यांचा हिस्सा त्यांना मिळाल्याशिवाय, हा व्यवहार घेऊ नका. नैतिक म्हणून तर नकोच, पण उद्या त्या कोर्टात गेल्या तर तुमचंच घर अडकेल.

एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकलेले असतात, त्यांची वेगळी कटकट. बिनशेती झालंय का, मंजूर लेआउट आहे का, हे विचारा. नसेल तर तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१चा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. पण ‘होईल नियमित’ हा एजंटचा शब्द झाला. झालेलं असेल तर पालिकेचा आदेश दाखव म्हणावं. हे नियम बदलत असतात, तेव्हा शेजारणीनं तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. व्यवहार करायच्या आठवड्यात विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्या. त्याची फी वाचवण्यात शहाणपणा नाही. चतुःसीमा कागदावर असतात, त्या जागेवर उभं राहून जुळवा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, रस्ता खरंच आहे का. आणि त्या घराच्या शेजारणींशी बोला. कुठल्या सर्च रिपोर्टात नसतं ते त्या सांगतात.

नव्या इमारतीत फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. नोंदलेला करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. विसार दिला तरी पावती घ्या, आणि पैसे बँकेतून द्या. रोखीनं वीस हजार किंवा त्याहून जास्त देणं-घेणं कायद्यात बसत नाही. तुमचं म्हणून मी जास्त आग्रहानं सांगते, की पैसा तुमच्या खात्यातून जाऊ द्या. बांगड्या मोडल्या तर सोनाराची पावती ठेवा. फंडातून पैसे उचलले, गटातून कर्ज काढलं, तर ते आधी तुमच्या पासबुकात येऊ दे आणि तिथून विकणाऱ्याला जाऊ दे. वीस वर्षांनी भांडण झालं तर ‘हिनं काय दिलं?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तेव्हा बोलायला पासबुकच असतं.

नाव कुणाचं घालायचं? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. मात्र खरेदीदार बायाच हव्यात, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट पूर्वी होती, ती २०२३ मध्ये काढली. आता काही घरांत वीस हजार वाचतात म्हणून बाईचं नाव लागतं. लागू दे! पण नाव लागल्यावर वर्षभरात तिच्याकडून मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून घेतलं, असंही होतं. नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त दोनशे रुपये आहे, बाकीची फी वेगळी. ही सोय नवऱ्याकडून बायकोच्या नावे घर करायला वापरता येते, आणि म्हाताऱ्या आईला मोकळं करायलाही वापरली जाते. आईनं बक्षीसपत्र केलं की घर त्या दिवसापासून मुलाचं. तिला द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करावं, ते हयातीत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर ‘मला शेवटपर्यंत सांभाळावं आणि याच घरात राहू द्यावं’ ही अट त्यात लिहून घ्यावी. ती पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

हक्कसोडपत्राबद्दल तुम्ही सगळ्याजणी विचारणार, मला माहीत आहे. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू कुटुंबात मुलगी मुलाइतकीच वारस आहे, १९५६पासून. वडिलोपार्जित मिळकतीत २००५च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानं हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा खटल्यात ठरवलं. मुस्लिम मैत्रिणींचे हिस्से वेगळे मोजले जातात, मुलीला मुलाच्या निम्मे, पण तो हिस्सा पक्का असतो. हे सगळं असूनही माहेर तुटेल या भीतीनं आपण सही करतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अडचणीच्या रात्री जायला तेच एक दार असतं. मी फक्त एवढंच म्हणते, की सोडायचंच असेल तर काय सोडतोय त्याची किंमत माहीत करून घेऊन सोडा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र फिरवायला नंतर फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि भाऊ घर विकणार असेल तर वाटणी आधी मागा. विकून झाल्यावर ‘तुला देतो की’ याला तारीख नसते.

आता विकण्याच्या बाजूनं सगळ्यात धोक्याचा प्रकार. दवाखान्यासाठी, लग्नासाठी सावकाराकडून दोन लाख घेतले. तो म्हणतो, तारण म्हणून घराचं खरेदीखत करून द्या, पैसे फेडले की परत फिरवून देतो. कागदावर ते कर्ज कुठेच दिसत नाही, सरळ विक्री दिसते. व्याज भरत राहतो आणि एक दिवस तो कब्जा मागायला येतो. बायांनो, कर्जाला खरेदीखत कधीही देऊ नका. आणि दिलं गेलं असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून घर लिहून घेतलं, असं चौकशीत निघालं, तर तो दस्त अवैध ठरवून घर परत देण्याचा आदेश होऊ शकतो. त्यासाठी व्याज दिल्याचा पुरावा लागतो. फोनवरून पाठवलेले पैसे, वहीतल्या नोंदी, त्याचे निरोप, काही टाकू नका.

नवरा परस्पर घर विकायला निघाला असेल तर? त्रास होत असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडून राहत्या घराची विक्री थांबवण्याचा आदेश मागता येतो, घर त्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी. आणि पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. ‘संचार’ असो की दुसरा कुठला, आतल्या पानावर बारीक अक्षरात असतात. घेणाऱ्याचा वकील हरकती मागवतो, काही दिवसांची मुदत देतो. त्या मुदतीत लेखी हरकत दिली, तर घेणारा सहसा थबकतो. आपल्या गटानं आठवड्याला एकीकडे हे काम द्यायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा दुय्यम निबंधकाच्या टेबलाचा. तिथे फोटो निघतो, अंगठा घेतात, आणि दस्त कबूल आहे का असं विचारतात. कोपऱ्यात सगळं कुटुंब उभं असतं, आणि आपण मान हलवतो. ते विचारणं खरं असतं. तुम्ही ‘मला वाचून दाखवलेलं नाही, मला कबूल नाही’ म्हणालात, तर तुमच्यापुरता दस्त नोंदवता येत नाही. त्या क्षणी ते म्हणायला छाती लागते, एकटीला तर फारच. म्हणून गटातली एक बाई बरोबर न्या. ती काही बोलली नाही तरी चालेल, नुसती बाकावर बसू दे.

चहा आला आहे. ज्यांनी उतारे आणि जुने दस्त आणलेत त्यांनी खिडकीजवळ बसा, एकेक करून बघू. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, माझ्यासुद्धा. झेरॉक्स द्या.