गोळी टिकते कशी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘संगणकावर बोल’ असं आयोजकांनी सांगितलं होतं. पण आज मी स्फटिकांवर बोलणार आहे. कारण याच शाळेत सरांनी आम्हाला मोरचूदाचा स्फटिक वाढवायला दिला होता. काचेच्या भांड्यात दोरा सोडायचा आणि रोज फक्त बघायचं. मी दोनदा दोरा हलवला आणि माझा स्फटिक बिघडला. सर म्हणाले, “घाई करणाऱ्याचा स्फटिक होत नाही.”

त्याच वर्षी घरी एक गोष्ट घडली, ती मी वर्गात कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या अण्णांना क्षयरोग झाला होता. तेव्हा या आजाराचं नाव घरातसुद्धा हळू आवाजात घेत. गोळ्या पत्र्याच्या घरात, चुलीवरच्या फळीवर, एका डब्यात लपवलेल्या असायच्या. गंगापूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून अण्णांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी सगळा उपचार पहिल्यापासून करावा लागला. अण्णा बरे झाले. उष्णतेने गोळ्या खराब झाल्या असं मी म्हणणार नाही, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. उपचार अर्धवट सोडला, हे मात्र नक्की. पण त्या डब्याचा विचार पुढे माझ्या कामात परत आला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आपल्याच तालुक्यात वाळूजची एमआयडीसी आहे, तिथे औषधांचे कारखाने आहेत. औषध किती टिकतं हे बघायला गोळ्या एका बंद कपाटात ठेवतात. त्याला स्टॅबिलिटी चेंबर म्हणतात. आत 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता सहा महिने कायम ठेवायची आणि ठरावीक काळाने गोळ्या तपासायच्या. अशा चेंबरच्या नोंदी ठेवणारी प्रणाली मी लिहिते.

हे काम करताना मी क्षयरोगाच्या गोळीबद्दल वाचलं. 2017 पासून आपल्या देशात रोज एकत्रित गोळी देतात. सुरुवातीच्या गोळीत चार औषधं असतात: रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. रुग्णाला ते सोयीचं. पण रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड यांचं आपसात पटत नाही. दमटपणा आणि आम्ल मिळालं की आयसोनियाझिड रिफाम्पिसिनला धरतं, त्यांची अभिक्रिया होते आणि रिफाम्पिसिन कमी होतं. म्हणजे लढणारे दोन सैनिक एकाच खंदकात भांडत बसतात.

यावर एक उपाय म्हणजे सहस्फटिक. औषधाचा रेणू आणि दुसरा एक निरुपद्रवी रेणू ठरावीक प्रमाणात एकाच स्फटिकात बसवायचा. औषध तेच राहतं, फक्त हायड्रोजन बंधांनी त्याला सोबती मिळतो. करायची एक पद्धत आपल्या खलबत्त्यासारखीच आहे. दोन्ही पूड घ्यायच्या, द्रावकाचे दोन-चार थेंब टाकायचे आणि घोटायचं. नवा स्फटिक झाला की नाही, ते क्ष-किरणांनी बघतात. हृदयाच्या दुबळेपणावरच्या एका औषधात साक्युबिट्रिल आणि वाल्सार्टन असे एकाच स्फटिकात बसवलेले आहेत. त्याला अमेरिकेत 2015 मध्ये मंजुरी मिळाली.

डॉ. अश्विनी नांगिया पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक असताना, 2018 मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोगाच्या गोळीवर हाच उपाय करून पाहिला. आयसोनियाझिडला एकदा कॅफेइक आम्लाची सोबत दिली, एकदा व्हॅनिलिक आम्लाची. कॅफेइक आम्ल कॉफीत सापडतं, व्हॅनिलिक आम्ल व्हॅनिलाच्या कुळातलं. मग साधं मिश्रण आणि ही दोन मिश्रणं त्याच 40 अंशांत आणि 75 टक्के आर्द्रतेत ठेवली. कॅफेइक आम्लाची जोडी सर्वांत जास्त टिकली. तिच्या रेणूंची एकमेकांवरची पकड अधिक घट्ट होती, असं कारण त्यांनी दिलं. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे. त्यातून रुग्णाची गोळी व्हायला आणखी बऱ्याच चाचण्या लागतात.

यात मला आवडलं ते हे, की तिन्ही नमुन्यांना एकच ऊन, एकच दमटपणा दिला. तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी आणि नोंद खरी हवी. एका कंपनीत चेंबरची दोन रात्रींची नोंद गेली होती. “मधले आकडे सरासरीने भरून टाका, मॅडम,” असं मला सांगण्यात आलं. मी ती जागा रिकामी ठेवली आणि शेजारी कारण लिहिलं. चार महिने त्या लोकांनी मला नवीन काम दिलं नाही. पण ती गोळी कुणाच्या तरी अण्णांच्या डब्यात जाणार होती.

बाळांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. घरातल्या गोळ्या पाकिटातून काढून ठेवू नका आणि चुलीजवळ, खिडकीत ठेवू नका. आणि घरात क्षयरोग झाला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. डॉक्टर सांगतील तोपर्यंत, बरं वाटलं तरी, ते घ्यायचं.

सर, तुमचा मोरचूदाचा स्फटिक मला तेव्हा जमला नाही. वाट बघणं आणि दिसेल ते लिहिणं मात्र त्याच भांड्यापाशी शिकले. त्यावरच माझं पोट चालतं.